मावशी, सगळ्यांना प्रभू भेटतो, मग मलाच का नाही?

पत्र असं आहे (थोडं कापलंय, नाव-पत्ता काढलाय):

"मावशी, सलाम. मी खडकीला राहते, वय ३६, हिंजवडीला आयटीत आहे, घरी नवरा, आई आणि आठ वर्षांचा मुलगा. जन्मापासून चर्चमधली. दृढीकरण झालं, संडे स्कूल शिकवलं, सगळं केलं. पण गेल्या काही महिन्यांपासून आतून खूप ओढ लागलीय की जिवंत प्रभूने मला खरंच भेटावं, नुसतं ऐकलेलं नको. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस एक वेळ जेवले, पहाटे तीनचा अलार्म लावून प्रार्थना केली, ऑफिसच्या बसमध्ये कानात उपदेश चालू. एका मैत्रिणीबरोबर एका मोठ्या फेलोशिपला पण जायला लागले. तिथे सगळे रडतात, हसतात, साक्ष देतात की प्रभू काल रात्री माझ्याशी बोलला. मला काहीच होत नाही. तिथल्या एका लीडरने डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तुझ्यात कुठलं तरी लपवलेलं पाप आहे म्हणून तो येत नाही. ईस्टरला पहाटे कबरस्तानात उपासनेला गेले, पाळक साहेब म्हणाले प्रभू उठला आहे, सगळे म्हणाले खरोखर उठला आहे, मी पण म्हणाले, पण आत एकदम कोरडं. यंदा तर नंतर चहासुद्धा नव्हता, पप्पा नाहीत ना, ते नोव्हेंबरमध्ये गेले. सगळे लगेच घरी गेले. नवरा म्हणतो तू चर्चमध्ये नसलीस तर मोबाइलमध्ये असतेस, आम्हाला कधी भेटणार. मावशी, मी अजून काय करू? आणि चर्च बदलू का?"

अगं पोरी, सलाम. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा चहा गार होईपर्यंत.

आधी त्या लीडरचं बघू कारण ते मला झोपू देत नाहीये. लपवलेलं पाप! हे वाक्य कुणालाही चिकटतं, माणूस जिवंत आहे म्हणजे काही ना काही लपवलेलं असणारच, त्यात दर्शन-बिर्शन कसलं आलंय. तू शास्त्र उघड आणि बघ ईस्टरच्या दिवशी, मरणातून उठल्यावर, प्रभू कुणाकुणाला भेटला. त्याचाच शिष्य पेत्र, त्याने प्रभूला धरून नेलं त्या गुरुवारच्या रात्री निखाऱ्यांपाशी हात शेकत तीनदा सांगितलं होतं की मी या माणसाला ओळखतच नाही, आणि रविवारी सकाळी कबरेतला तो तरुण बायांना काय सांगतो, तर जा, त्याच्या शिष्यांना सांगा आणि पेत्रालाही सांगा. मार्कच्या शुभवर्तमानात आहे बघ, सोळाव्या अध्यायात. बाकीच्या कुणाचं नाव नाही, नेमकं त्याचंच. पाप असलं की तो येत नाही हा नियम असता तर पेत्राचा नंबर सगळ्यात शेवटी लागला असता, पण पौल करिंथकरांना पत्रात उठलेला प्रभू कुणाकुणाला दिसला याची यादी देतो त्यात पेत्र पहिला आहे आणि ते पाचशेहून जास्त भाऊ त्याच्या मागे. तेव्हा त्या लीडरचं बोलणं आजच्या आज डोक्यातून काढून टाक. तुला खरंच एखादी गोष्ट खुपत असेल तर पाळक साहेबांकडे जाऊन बोल, पण ती तुला स्वतःला खुपत असेल तर. कुणी हात ठेवून शोधून काढलेली नको.

आता तुझी ओढ. तू जवळजवळ माफी मागितल्यासारखं लिहिलंयस की मी जरा जास्तच करतेय का. मला नाही वाटत. मरीया मग्दालीया आठव ना. ईस्टरच्या पहाटे अंधार असतानाच प्रभूच्या कबरेकडे निघाली, धोंड काढलेली बघितली, धावत जाऊन पेत्राला आणि त्या दुसऱ्या शिष्याला बोलावून आणलं, ते दोघे पळत आले, तागाची वस्त्रं बघितली आणि घरी गेले. घरी गेले गं! ही मात्र तिथेच रडत उभी. मग मागे वळते तर प्रभू उभा, आणि तिला वाटतं माळी आहे, त्याला म्हणते, दादा तू त्याला नेलं असशील तर कुठे ठेवलंस सांग, मी घेऊन जाईन. मी घेऊन जाईन म्हणजे कशी नेणार होतीस बाई? एकटी बाई, एका पूर्ण वाढलेल्या पुरुषाचं शरीर. आणि नुसतं शरीर नाही, निकदेम नावाच्या माणसाने शंभर शेर गंधरस नि अगरू आणलं होतं प्रेत गुंडाळताना, ते त्या वेळचं रोमी वजन धरलं तर आजचे तेहतीसेक किलो होतात, म्हणजे तुझ्या मुलापेक्षा जास्त वजन नुसत्या सुगंधी द्रव्यांचं. तिने हिशोबच केला नाही. मला शुभवर्तमानातलं हे वाक्य फार आवडतं कारण ते इतकं बिनडोक आणि इतकं खरं आहे. तुझा तीनचा अलार्म मला त्याच जातीचा वाटला. त्याबद्दल कुणी तुला हसलं तर हसू दे.

पण एक बघ. ती शोधत होती ते प्रेत. एवढी ओढ, एवढं रडणं, आणि नजर मात्र शुक्रवारी जिथे ठेवला होता त्या जागेवर खिळलेली, म्हणून तो समोर उभा राहून बोलला तरी कळला नाही. नावाने हाक मारली तेव्हा कळलं. त्याच दिवशी अम्माऊस गावाच्या वाटेवर असलेल्या दोघा शिष्यांचं तेच, अकरा-एक किलोमीटर, म्हणजे कॅम्पातून पायी निघून हडपसर मागे टाकायचं एवढं अंतर, पूर्ण वाटभर तो बरोबर, शास्त्र उलगडून सांगतोय, आणि यांना पत्ता नाही. जेवताना त्याने भाकर मोडली तेव्हा डोळे उघडले आणि तेवढ्यात तो दिसेनासा झाला. मग एकमेकांना म्हणतात की अरे वाटेत तो बोलत होता तेव्हाच आत काहीतरी पेटलं होतं की. कळलं ते नंतर. त्या वेळी त्यांना फक्त पाय दुखणं जाणवलं असेल.

माझंच सांगते. मी नर्स होते, आता रिटायर. सत्तावीस-अठ्ठावीसची असताना मलाही असंच लागलं होतं. एका मैदानावर मोठी सभा होती, तीन दिवस, मंडप, लाउडस्पीकर, आम्ही पोरी ड्युटी बदलून गेलो. शेवटच्या रात्री पुढे बोलावलं, ओळीत उभं केलं, ते भाऊ एकेकाच्या कपाळावर हात ठेवत येत होते आणि माणसं पडत होती. माझ्या बाजूची पडली, तिच्या पुढची पडली, माझ्या कपाळावर हात आला आणि मी पण पडले. पडले म्हणजे काय, पाडून घेतलं स्वतःला, एकटी उभी राहिले असते तर लोक काय म्हणाले असते! खाली गवतावर डोळे मिटून पडले होते आणि मनात एकच विचार, साडी नवी आहे, डाग पडणार. नंतर हॉस्टेलवर सगळ्यांना सांगितलं, खूप छान अनुभव आला. हे मी पस्तीस वर्षं कुणाला बोलले नव्हते, आज तुला लिहितेय. तिथे कुणालाच काही झालं नाही असं मी म्हणत नाहीये हां, माझ्या बाजूची ती पोरगी नंतर खरंच बदलली. मी माझं सांगतेय.

आणि मग पुढे दोनेक वर्षांनी नाइट ड्युटी, पुरुषांचा वॉर्ड, पहाटेचे चार वाजले असतील. एक म्हातारे आजोबा होते, नातेवाईक कुणी नाही, त्यांना स्पंज करून चादर बदलत होते. पाणी बदलायला दोनदा जाऊन आले. ते एकदम म्हणाले, बाई, तू दमलीस, बस जरा. मी स्टुलावर बसले. दोन मिनिटं असेल, बादलीत कापड तसंच. काही प्रकाश नाही, आवाज नाही, अंगावर काटा नाही. आठवड्याभराने बसमध्ये उभी असताना अचानक रडायला आलं आणि तेव्हा कळलं की त्या स्टुलावर मला कुणी बसवलं होतं. हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही, सभेत उभं राहून सांगण्यासारखी साक्ष पण नाही, लोक म्हणतील एवढंच? एवढंच. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या दोन मिनिटांवर गेलंय.

आणि चर्चमध्ये वाढून, सगळं करूनसुद्धा तहान राहते याची लाज वाटून घेऊ नकोस. पंडिता रमाबाईंपेक्षा मोठं नाव आपल्यात कुठलं आहे? १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, संस्कृतच्या पंडिता, सगळी धर्मशास्त्रं वाचलेली, आणि पुढे स्वतःच्या साक्षीत त्या सरळ सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षं! १८९० मध्ये त्यांची मुलींची शाळा, शारदा सदन, मुंबईहून पुण्यात आली होती, म्हणजे हा शोध लागला तेव्हा त्या इथेच होत्या, आपल्याच गावात, पोरींना शिकवत, किराण्याचा हिशोब बघत आणि बाहेर पुणेकरांच्या शिव्या खात. ते काम टाकून कुठे डोंगरावर गेल्या नव्हत्या. पुढे १९०५ साली केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये जे मोठं संजीवन (रिव्हायवल) झालं, ज्याच्याबद्दल त्या फेलोशिपमध्ये पण सांगत असतील, त्याच्या आधी ही आठ वर्षं आहेत, आणि दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली आहेत, त्यांचं न्हाऊ-माखू घालणं, त्यांच्या उवा काढणं आहे. जमलं तर एखाद्या शनिवारी मुलाला घेऊन दौंडच्या गाडीने केडगावला जाऊन ये. आणि आपले कवी ना. वा. टिळक तर म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. प्रत्येकाचा रस्ता वेगळा गं, त्या लीडरने एकच दरवाजा दाखवला म्हणून घराला एकच दरवाजा आहे असं नाही.

आता ईस्टरची पहाट. सगळे म्हणाले खरोखर उठला आहे आणि तू कोरडी. इथे मला शिष्यांतला थोमा आठवतो. आपण त्याला उगाच संशयी संशयी म्हणून बदनाम करून ठेवलंय. त्याची गंमत बघ, बाकी दहा जण आनंदाने वेडे झालेत, आम्ही प्रभूला पाहिलं म्हणून सांगतायत, आणि याला काहीच दिसलेलं नाही. आणि हा त्यांच्यातच राहिला. आठ दिवस. आठ दिवस त्याच खोलीत, त्याच लोकांबरोबर जेवला-झोपला, खोटं हसला नाही, मलाही दिसला असं म्हणाला नाही (माझ्यासारखा गवतावर पडला नाही), आणि रुसून निघूनही गेला नाही. त्यांनी पण त्याला घालवलं नाही, तुझ्यात पाप आहे म्हणाले नाहीत. आठव्या दिवशी प्रभू आला तो सरळ त्याच्याकडेच आला, त्याच्या अटीवर, हे बघ माझे हात. तू कबरस्तानात उभी राहून कोरड्या तोंडाने का होईना ते वाक्य म्हणालीस ना, मग थोमापेक्षा एक पाऊल पुढेच आहेस. आणि ईस्टर त्या रविवारी उरकलेला नाही, पन्नास दिवसांचा काळ आहे, पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत. तो स्वतः चाळीस दिवस भेटत राहिला लोकांना, कधी इथे कधी तिथे. तूच एका सकाळवर सगळा भार टाकलास.

बरं, तीनचा अलार्म बंद कर. हो, वर कौतुक केलं ते खरंय आणि हे पण खरंय. रोज तीनला उठायचं, हिंजवडीचं ट्रॅफिक, एक वेळ जेवण, मग आत कोरडं वाटतं तर त्यातलं किती आत्म्याचं आणि किती पित्ताचं हे तुला कसं कळणार? एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरायला टेकला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवला, उठ खा म्हणाला. खाऊन तो परत झोपला तर झोपू दिलं, आणि मग पुन्हा उठवून खायला घातलं. डोंगरावर देव त्याच्याशी मंद वाणीने बोलला तो भाग त्याच्या नंतरचा आहे. तेव्हा महिनाभर दोन वेळ नीट जेव, सहा-साडेसहाला उठ, प्रार्थना दहा मिनिटं केलीस तरी पुष्कळ. आणि हिमोग्लोबिन तपासून घे, नर्सचं ऐक.

नवऱ्याचं वाक्य तू तक्रार म्हणून लिहिलंयस, मला ते आमंत्रण वाटलं. अम्माऊसला गेलेल्यांनी काय केलं, तर दिवस कलला, आमच्याकडे राहा म्हणून आग्रह केला. घरी नेलं, जेवायला बसवलं. प्रभू त्यांना जेवणाच्या पाटावर कळला. तुझ्या घरात संध्याकाळचं जेवण तुम्ही चौघं एकत्र जेवता का गं? मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवून? तिथे आधी बघ. आभाराची प्रार्थना मुलाला करू दे, तो काहीतरी भलतंच मागेल, मागू दे.

आता ज्याच्यासाठी मी पत्र तीनदा वाचलं ते. एवढ्या मोठ्या पत्रात पप्पांवर तू अर्धं वाक्य लिहिलंयस, तेही चहाच्या निमित्ताने. मी मुद्दाम तुला परत फोन केला ना, तेव्हा विचारलं की चहाचं काय ते सांग जरा, आणि तू वीस मिनिटं बोललीस. (तुला विचारूनच हे छापतेय.) की पप्पा फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून दर ईस्टरला पहाटे चारला स्कूटरवर पुढे पायाशी स्टो ठेवून आणि मागे आई मांडीवर मोठं पातेलं धरून, असे कबरस्तानात पोचायचे, सगळ्यांच्या आधी. अंधारात पंप मारून स्टो पेटवायचे. उपासना होईपर्यंत चहा उकळलेला, उकडलेली अंडी, बन. आणि थंडीबिंडी काही नसायची एप्रिलमध्ये, तरी तू त्या स्टोपाशीच उभी राहायचीस कारण रॉकेलचा वास आणि आल्याचा वास एकत्र यायचा आणि तुझ्यासाठी ईस्टर म्हणजे तोच वास. यंदा त्याच कबरस्तानात, त्याच माणसाची माती अजून पुरती बसलेली नसताना तू उभी राहिलीस, उठला आहे म्हणालीस, आणि आत काही झालं नाही म्हणून स्वतःला पापी ठरवतेयस? अगं बाई. पाच-सहा महिने झालेत. तू रडलीस का नीट? फोनवर म्हणालीस की आईला सांभाळायचं होतं म्हणून नाही रडले. मग उपवासात, सभेत, तीनच्या अलार्ममध्ये जे शोधतेयस त्यात किती प्रभू आणि किती पप्पा, हे मी तुला वेगळं करून देऊ शकत नाही आणि तू पण घाईने करू नकोस. मरीयेलाही ते करता आलं नव्हतं, आणि तो तिला पहिला प्रश्न विचारतो तो हाच की बाई, का रडतेस. रडू नको असं नाही म्हणाला. खूप जड झालं, झोप येईनाशी झाली, कामात लक्षच लागेना, तर समुपदेशकाकडे जा, त्यात विश्वासाची काही कमी नाही, दाढ दुखली तर आपण डेंटिस्टकडे जातोच.

चर्च बदलू का, तर आत्ता नको. मरणानंतर वर्षभर घर विकू नये, नोकरी सोडू नये, चर्च बदलू नये, असं माझी आई म्हणायची (चर्चचं मी जोडलं). त्या फेलोशिपमध्ये गाणी आवडत असतील तर जा की महिन्यातून एकदा, गाणी चांगलीच असतात त्यांची, आपल्याकडे उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकातली भजनं अजून शोकसभेच्या चालीत म्हणतात, ते मलाही कबूल आहे. पण जिथे तुझ्या कोरडेपणाला पाप म्हणतात किंवा पाकीट पुढे करून म्हणतात की बी पेर, पैसे टाक, म्हणजे अनुभव येईल, तिथून चप्पल घालून बाहेर पड. तुझ्या स्वतःच्या चर्चमध्ये पप्पांना ओळखणारी माणसं आहेत. ती तुला दुसरीकडे मिळणार नाहीत.

मार्कातला कबरेपाशचा तो निरोप अजून एक गोष्ट सांगतो, प्रभू तुमच्याआधी गालिलात जातोय, तिथे दिसेल. गालील म्हणजे काय, त्यांचा घरचा मुलूख. होड्या, जाळी, सासुरवाड्या, उधारी. आणि योहानाच्या शेवटच्या अध्यायात तेच झालं की. पेत्र वैतागून म्हणतो मी मासे धरायला जातो, बाकीचे म्हणतात आम्ही पण, रात्रभर काही मिळत नाही, उजाडताना काठावर कुणीतरी उभा, ओळखू येत नाही. मग ते जाळं, एकशे त्रेपन्न मासे, कुणीतरी बसून मोजले असणार. पण काठावर आल्यावर काय दिसतं, तर याने आधीच निखारे पेटवलेत, वर मासळी ठेवलीय, भाकर आहे. मरणातून उठलेला देवाचा पुत्र, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन विस्तव पेटवून बसलाय. या, न्याहारी करा म्हणतो.

मला हे वाचताना आता तुझे पप्पाच दिसतात, काय करू.

तर पुढच्या रविवारी उपासनेनंतर चहा कर. पुढच्या ईस्टरची वाट बघू नकोस. चर्चच्या आवारात, कमिटीला विचारून, पन्नास-साठ कप. आईला बरोबर घे, आल्याचं प्रमाण तिलाच माहीत असणार. रॉकेल आता मिळायचं नाही, छोटी गॅस शेगडी चालेल. नवऱ्याला कप द्यायला उभा कर, मुलाला बनच्या पिशवीपाशी. त्या वेळी तुला काही जाणवेल की नाही मला ठाऊक नाही, जाणवलं नाही तर कप विसळ आणि घरी जा. आणि ते मोठं पातेलं कुठे आहे ते आजच शोधायला घे, तू म्हणालीस घरात नाहीये. आपल्याकडे असली पातेली शेवटची ज्यांच्या लग्नाला नेलेली असतात त्यांच्याच माळ्यावर सापडतात.

— मावशी